महिपतीचा होकार

“व्हय,” महिपती म्हणाला, आणि रघू कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला.

त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की महिपतीदादा, रोह्याला पोचल्यावर चहा तुमच्याकडून का? पेण-रोहा गाडीवर हा प्रश्न तो रोज विचारायचा आणि रोज ‘नाय’ ऐकायचा. महिपती ड्रायव्हरच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. ऊन पडलंय का विचारलं तरी आधी नाय, मग आभाळाकडे बघणं. आज सकाळीच डेपोत साहेब म्हणाले होते, “गणपतीच्या जादा गाड्या मारून दमला असशील, आज घरी झोप.” त्यावरही तो सवयीने नाय म्हणाला आणि स्टेअरिंगवर जाऊन बसला.

“आणि भजी?” रघूने अंदाज घेत विचारलं.

“व्हय.”

गाडीत हशा पिकला. चौऱ्याण्णव सालचे गणपती उद्यावर आले होते. मुंबईचे चाकरमानी पिशव्या-बोचक्यांसकट दाटीवाटीने बसले होते आणि त्यांना हसायला एवढं पुरे होतं.

ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर त्याची बायको हौसा बसली होती. रोह्याजवळच्या अष्टमी गावात, माहेरी बसवायची पेणची मूर्ती तिच्या मांडीवर होती, तोंडावर रुमाल झाकलेली. चालकाशी बोलू नये अशी पाटी समोर होती, पण ती पाटी काही बायकोसाठी नसते. हौसाला लग्नापासून एक म्हैस हवी होती. माहेरी भरल्या गोठ्यात वाढलेली बाई ती. पिशवीतलं दूध तिला अजून पाणीच वाटायचं. दर सणाला ती म्हशीचा विषय काढायची आणि दर सणाला तो नाय म्हणायचा. आज स्वारी खुशीत दिसत होती. ती पुढे वाकली.

“अवो, दिवाळीला म्हैस घेऊया का?”

“व्हय.”

हौसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. भिसे खिंडीचं पहिलं वळण सरेपर्यंत तिने म्हैस परसात बांधली, धुतली, तिचं नावही ठेवलं, चंद्री. दुसऱ्या वळणावर मात्र तिच्या काळजात धस्स झालं.

तिला तो चहा आठवला. मागच्या शिमग्याला लागोपाठ ड्युट्या करून हा माणूस घरी आला होता. चहात साखरेऐवजी चुकून मीठ पडलं होतं. बरा झालाय का विचारलं, तर व्हय. कप रिकामा करून ठेवला. जेवलात का? व्हय. जेवला कुठला! डोळे टक्क उघडे, मान ताठ, आणि आत माणूसच नाही. दमला की लोक जांभया देतात. महिपती दमला की भांडायचा थांबायचा.

“रघूभावजी, गाडी थांबवा. हे झोपलेत.”

“काय वहिनी! वळणं बघा कशी घेतायत.”

“हात घेतायत. काय पण इचारा त्यांना.”

रघू हसत हसत पुढे झाला. “दादा, आपलं हे विमान हाय ना?”

“व्हय.”

या वेळी कोणी हसलं नाही. पुढे उतार होता आणि समोरून ट्रक वर चढत होता.

“दादा, थांबवा गाडी!” रघू ओरडला.

“व्हय,” महिपती म्हणाला, आणि गाडी तशीच चालत राहिली.

हौसा उठली. एका हाताने मूर्ती पोटाशी धरली आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची घंटीची दोरी हिसकली. टण! एकच घंटी. एका घंटीला थांबायचं, डबलला निघायचं, हे इतक्या वर्षांत महिपतीचा पाय कधी चुकला नव्हता. पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी अलगद कडेला लागली, इंजिन बंद झालं, हँडब्रेकसुद्धा ओढला गेला. ट्रक शेजारून निघून गेला. मग स्टेअरिंगवर डोकं टेकून महिपती घोरायला लागला.

चाकरमान्यांनी आधी कुरकुर केली, मग घाम पुसला, मग खाली उतरून झाडाच्या सावलीत चिवड्याच्या पुड्या सोडल्या. हौसा जागची हलली नाही. त्या घोरण्याने तिची किती रात्रींची झोप घालवली होती. आज ते ऐकून तिच्या जिवात जीव येत होता.

मिठागरावर काम करणारी सोनीआजी तिच्या शेजारी येऊन टेकली आणि कानाशी लागली. “गो, झोपेत का व्हयना, व्हय म्हनलाय. सगली गाडी साक्षीला हाय. गप ऱ्हा, म्हस पदरात पडंल.”

हौसाला ते अगदी पटलं. चाळीस माणसांपुढे दिलेला शब्द!

सावली बरीच सरकल्यावर महिपतीने मान उचलली. त्याने गाडी चालू केली. माणसं पटापट चढली. रघूने दोरी धरली आणि सहज विचारलं, “काय दादा, झाली ना झोप?”

“व्हय.”

रघूचा हात दोरीवरच थिजला. हा व्हय जागेपणीचा की मघाचाच? चाळीस माणसं हौसाकडे बघू लागली. तिने मांडीवरच्या मूर्तीचा रुमाल उगाच सारखा केला. परसातली चंद्री तिच्याकडे बघून रवंथ करत होती. हौसाने मोठा श्वास घेतला आणि पुढे वाकली.

“अवो, म्हैस घ्यायची ठरली ना आपली?”

“नाय!” महिपती कडाडला. “कितींदा सांगू? नाय म्हंजे नाय! शेण कोन काढल?”

हौसाने पदराने डोळे पुसले. “भावजी,” ती म्हणाली, “डबल मारा.”