भागीदार घ्यायचा की नाही

"मीनाला एक फोन लावा ना, वहिनी," सुहास म्हणाला, आणि अहल्याबाईंनी पुढे केलेला चहा त्याने चक्क घेतला.

माणसाची हिंमत बघा! पाच वर्षांनी माधव नगरातल्या या भाड्याच्या घराची पायरी चढला, तीही कामासाठी.

सुहासचा मोठा भाऊ विष्णू म्हणजे अहल्याबाईंचा नवरा. फ्रीगंजात एक खोली घेऊन त्याने दवाखान्यांसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम बनवला. लोक हसले, पण हा डोळे फुटेस्तोवर बसला. प्रोग्राम चालायला लागला आणि विष्णू हार्ट अटॅकने गेला. तेराव्याच्या आत 'बँकेचं काम आहे' म्हणून सुहासने वहिनींच्या सह्या घेतल्या. झालं! कंपनी त्याची, प्रोग्राम त्याचा, आणि ऑफिसातला विष्णूचा फोटोसुद्धा रद्दीत.

तेव्हा अहल्याबाईंनी देवास गेटला, भर बस स्टँडवर त्याची गचांडी धरली होती. "तुझं वाटोळं झालेलं बघितल्याशिवाय मी मरायची नाही!" साऱ्या उज्जैनने ऐकलं होतं.

आता दिवस बदलले होते. गल्फमधल्या एका देशाने ठरवलं होतं, नुसत्या तेलावर किती दिवस काढायचे? दवाखाने, कचेऱ्या सगळं कॉम्प्युटरवर आणायचं आणि त्यासाठी बाहेरच्या कंपन्यांना बोलवायचं. सुहासने विष्णूचा प्रोग्राम अरबीत, उजवीकडून डावीकडे चालेल असा करून घेतला. त्यासाठी घर गहाण टाकलं, बायकोच्या बांगड्याही. फक्त तिकडे कंपनी काढायची कशी, ते उमजेना. अहल्याबाईंची धाकटी बहीण मीना तिथेच एका वकिलाकडे नोकरीला होती. पण सुहासचा आवाज ऐकला की ती फोन आपटायची.

"लावते की," अहल्याबाई म्हणाल्या. "झालं गेलं, भाऊजी. तुमचं भलं व्हावं, अजून काय."

हे ऐकून त्यांच्या मुलीला, सायलीला, ठसकाच लागला.

संध्याकाळी मायलेकी कोपऱ्यावरच्या एसटीडीवर गेल्या. सायली काचेच्या बाहेर उभी होती. आतून आईचे शब्द तुटक तुटक येत होते. "पक्कं ना, मीना? म्हणजे तसं केलं तर सगळंच हातचं जातं? वा गं वा!"

आई बाहेर आली ती हसत. सायलीने तिला असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आता बघ तुझ्या काकाला कशी बुडवते."

"सोड ना, आई. आपल्याला काय मिळणार त्यातून?"

"मिळवायचंय कुणाला? त्याचं जायला पाहिजे. तुझ्या बापाचा फोटो रद्दीत घातला त्याने. त्याला मी अशी सोडू?"

दुसऱ्या दिवशी सुहास हजर. अहल्याबाईंनी त्याला पाटावर बसवलं, पोहे दिले.

"दोन रस्ते आहेत, भाऊजी. एक म्हणजे तिथलाच माणूस भागीदार घ्यायचा. एक्कावन्न टक्के त्याचे. तो नुसता नावाला असतो म्हणतात, कंपनी लगेच सुरू. दुसरा, तिथलं सरकार कॉम्प्युटरवाल्यांसाठी वेगळी वसाहत बांधतंय. तिथे भागीदार नको, सगळी मालकी आपली. पण दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. तुम्ही थांबा. भागीदाराच्या चक्करमध्ये पडू नका. अहो, यांची शपथ घेऊन सांगते!"

सायलीने मान खाली घातली. बुडवायचं तर बुडव, पण त्यासाठी बाबांची शपथ?

सुहासने वहिनींच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पोहे संपवले आणि हसत हसत निघून गेला.

महिनाभरात तो पुन्हा आला, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"थांबा म्हणे दिवाळीपर्यंत! वहिनी, मी काय दूधपीता बच्चा आहे? परक्या मुलुखात पूर्ण मालकी कोण देतं हो? आणि तोवर सगळी कामं दुसरे घेऊन जाणार. मीनाने तुम्हाला काय सांगितलं असेल, ते मी तेव्हाच ताडलं. तुम्ही पूर्व म्हणालात ना, मी पश्चिमेला गेलो. भागीदार घेतला. एकदम सज्जन माणूस! कंपनी सुरूसुद्धा झाली."

अहल्याबाईंनी बॉक्स अंगणात भिरकावला. "मेल्या, चालता हो आधी!"

तो गेला तशी त्यांनी पदरात तोंड लपवलं. खांदे गदगदा हलत होते. सायलीने त्यांना पाणी आणून दिलं. मनातून तिला वाटलं, बरं झालं बाई, सुटलो एकदाचे या सुडातून.

पुढच्या उन्हाळ्यात सुहास आला तेव्हा सायलीने त्याला आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. तो पायरीवरच बसला.

"सगळं गेलं, वहिनी. एक्कावन्न टक्के त्याचे, मग हुकूमही त्याचाच. एके सकाळी ऑफिसला नवं कुलूप. माझा व्हिसा रद्द केला आणि परतीचं तिकीट हातात दिलं. इथे घरावर बँकेची जप्ती आलीये. विष्णूदादाचा प्रोग्राम पण त्याच्याच घशात गेला."

"तो तर तेराव्याच्या आधीच गेला होता," अहल्याबाई म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याला आत या म्हटलं नाही.

सुहास एकदम उसळला. "चूक तुमच्या त्या मीनाची! तिचा सल्लाच फालतू. तिने भागीदार घ्या म्हटलं, तुम्ही मला बुडवायला ते उलटं करून सांगितलंत, मी ते पुन्हा सुलटं केलं आणि मातीत गेलो. खरं सांगा, वहिनी, तेव्हा फोनवर ती काय म्हणाली होती?"

"तेच, भाऊजी, जे मी तुम्हाला सांगितलं. शब्दन् शब्द."