बुधाजीशेजारचं विमान

उद्या बुधाजीचं क्रियाकर्म व्हायचं होतं. ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाल्याला बारा वर्षं भरली, आता जाईबाईनं कुंकू पुसावं, असं भावकीनं ठरवलं होतं. त्याआधी तिनं नवऱ्याचा एकुलता एक फोटो शेजारच्या कोंडीरामपुढे ठेवला. कोंडीराम त्याच लढाईत विमानांचा फिटर होता.

"भाऊजी, हे विमान कसलं?"

खाली नायगावच्या चाळींमधल्या रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा जमत होता. खिडकीबाहेर जाईबाईचं चौकड्यांचं लुगडं वाळत होतं. कोंडीरामनं भिंग धरलं. झाडीतल्या मोकळ्या पट्ट्यावर उभं असलेलं छोटं विमान, आणि चाकाशेजारी हसरा बुधाजी.

"पंख छपरासारखे वर, मागं स्ट्रेचर सरकवायचं दार. वहिनी, हे एल-फाइव्ह. जखमींना उचलून आणायचं. पण पंख्याची पाती स्वच्छ दिसतायत, म्हणजे इंजिन बंद आहे."

"बरं," म्हणून ती चहा ठेवायला वळली.

त्यानं सहज पुन्हा पाहिलं. पाती दिसेनात. तिथं नुसतं धूसर वर्तुळ होतं. त्यानं भिंग सदऱ्याला पुसलं. आता चाकाशेजारी कुणी नव्हतं, मागच्या काचेआड मात्र एक चेहरा होता. चाकं जमिनीवरून सुटली होती.

"कुठवर आले?" स्टोव्हकडे तोंड करूनच जाईबाईनं विचारलं.

कोंडीरामनं भिंग आणखी जवळ नेलं. फोटोतली झाडी संपली होती. विमानाखाली चाळींची रांग होती, आणि एका खिडकीबाहेर चौकड्यांचं लुगडं वाऱ्यानं फडफडत होतं.