उष्टा पेरू

"ताई, पेरू गेला," चित्र काढता काढता एक मुलगी म्हणाली.

मालविकाने वळून पाहिलं. चित्रासाठी मांडलेल्या तांब्या-वांग्यांपाशी तिची दीड वर्षांची लेक पेरू खात बसली होती. एलिमेंटरीची परीक्षा आठवड्यावर आलेली, आठही मुलांची चित्रं निम्मी झालेली. पेरू गेल्याचं सांगणाऱ्या या विद्यार्थिनीच्या आईने मागच्याच महिन्यात विचारलं होतं, "हा चित्रकलेचा क्लास आहे की पाळणाघर?" परीक्षा झाली की क्लास बंदच करू, असं ठरवत मालविका दुसरा पेरू आणायला आत गेली.

घरात दुसरा पेरू नव्हता. रिकाम्या हाताने परतली, तर उष्टा पेरू पुन्हा जागेवर होता आणि आठही खोडरबर चालले होते.

"दिसतं तेच काढायचं, तुम्हीच सांगता ना," ती मुलगी मान वर न करता म्हणाली. "फक्त हिला कडेवर घ्या. अजून एक घास घेतला तर परत खोडावं लागेल."

मालविका लेकीला घेऊन कागद बघत फिरली. इवल्या दातांच्या खुणा प्रत्येकाने मोजून काढल्या होत्या. इतकं निरखून त्यांनी वर्षभरात काही पाहिलं नव्हतं.

"परीक्षा झाली की सीताफळ मांडू," लेकीची हनुवटी पुसत ती म्हणाली.