सुतळीचं बाथरूम

पुष्पांजलीनं पिशवीतून सुतळी काढली अन् दुकानाच्या मधोमध फरशीवर अंथरली. चार कोपऱ्यांना चार गाठी मारलेल्या. दीपकनं एक कोपरा पायानं दाबला, दुसऱ्यावर तिनं पर्स ठेवली, अन् चार बाय पाचचा चौकोन तयार झाला.

"हे आमचं बाथरूम," ती नारायणरावांना म्हणाली. "याच्यात काय बसते ते दाखवा."

नारायणराव वीस वर्षांपासून मेहकरात नळ, बेसिन अन् कमोड विकत होते. पण बाथरूम पिशवीत घालून आणणारं गिऱ्हाईक त्यांनी आजच पाहिलं. ते एकदम खूश झाले. सगळ्यांना माठातलं थंडगार पाणी दिलं.

"नको बाप्पा," खुर्चीवर बसलेल्या विमलबाईंनी गिलास परत केला. बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं पेटलेलं, ओठ सुकून पांढरे झालेले, तरी नको.

"रुसली आहे माय," दीपक बायकोच्या कानात म्हणाला.

रुसवा जुनाच होता. दोन वर्षांपूर्वी विमलबाईंचे गुडघे गेले. संडास अंगणाच्या पार टोकाला, तोही उकिडवं बसायचा. बसणं कसंबसं जमायचं, उठवायला मात्र सून लागायची. पुष्पांजली कणकेचे हात तसेच घेऊन धावायची, पण तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आता जिन्याखालची जागा मोकळी झाली होती. तिथं असं काही बसवायचं, की सासूबाईंना कोणाला हाक मारायची गरजच पडू नये. पण म्हातारी हो म्हणेल तर शपथ! अन् दीपकनं तर सांगूनच टाकलं होतं, मायनं नाही म्हटलं तर आपण रिकाम्या हातानं घरी.

पुष्पांजली कसली ऐकते! तिचे डोळे नुसते चमकत होते. वेगळा कमोड अन् वेगळं बेसिन सुतळीत ठेवून पाहिलं. कमोड बसला, बेसिन बाहेर. बेसिन आत घेतलं, तर दार उघडायची पंचाईत. असं फिरवून पाहिलं, तसं फिरवून पाहिलं. छे!

"थांबा," नारायणराव म्हणाले. दीपकला हाताशी घेऊन त्यांनी आतून एक जोडकाम उचलून आणलं. एका अंगाला बेसिन, त्याच्याखाली बुटकं मजबूत कपाट, अन् त्यालाच लागून कमोड. सगळं एकात एक. सुतळीच्या आत ठेवलं.

"बसलं!" पुष्पांजलीनं टाळीच वाजवली. "अन् फिरालेबी जागा उरली!"

"हात धुतलेलं पाणी मागच्या टाकीत जाते," नारायणराव सांगू लागले. "फ्लशले तेच पाणी."

"आत्याबाई, ऐकलं काय? आपला नळ आठ दिवसांनी येते, अन् इथं हात धुतलेलं पाणीबी कामी येते!"

"हात धुवाचे तिथंच अन् बसाचं तिथंच," विमलबाईंनी नाक मुरडलं. "शी! लोकं काय म्हनतील?"

"लोकं कशाले येतात आत?"

टाइल्स पाहायला आलेला एक माणूस खो खो हसला. विमलबाई मात्र हसल्या नाहीत. त्या बेसिनच्या कडेकडे बघत होत्या. कमोडवर बसलं की ती कड बरोबर हाताशी येत होती.

"मावशी, बसून त पाहा," नारायणराव म्हणाले. "बसल्यानं काय घ्या लागते असं आहे काय?"

दीपकच्या खांद्याचा आधार घेत विमलबाई उठल्या. सुतळी ओलांडून आत गेल्या, अन् वळून म्हणाल्या, "दार लावा."

दीपकला हसू फुटत होतं. पुष्पांजली मात्र गंभीर चेहऱ्यानं वाकली अन् सुतळी सारखी करून तिनं दार लावलं.

"तोंडं तिकडं करा सारे."

दीपक वळला. नारायणराव वळले. टाइल्सवाला माणूसही कोणी न सांगता वळला अन् भिंतीवरचे नळ मोजू लागला. भर दुपारी भरल्या दुकानात तीन बाप्ये अन् एक सून भिंतीकडे तोंड करून उभे! पुष्पांजलीचा हात सवयीनं मागं गेला होता, उठवायला. हे नाही जमलं, तर म्हातारी पुन्हा नाव काढू देणार नाही.

"आत्याबाई, उठाचं झालं की आवाज द्या."

"कशाले?"

आवाज अगदी कानाशी आला. ती गर्रकन वळली. विमलबाई उभ्या होत्या. एक तळवा बेसिनच्या कडेवर होता, मग तोही उचलला.

"माय!" दीपक ओरडला.

"थांब, अजून एकदा," म्हणत विमलबाई सगळ्यांदेखत पुन्हा बसल्या, कडेवर हात रेटला अन् पुन्हा उठल्या. चेहरा नुसता फुलला होता. टाइल्सवाल्या माणसानंही टाळ्या वाजवल्या.

"हेच घ्या," विमलबाई म्हणाल्या. "अन् नारायणराव, ते मंघाचं पाणी आना बरं."

एक गिलास त्यांनी एका दमात संपवला. दुसरा मागितला. मग तिसरा.

"माय, हळू पी ना," दीपक म्हणाला. "इतकी तहान लागली होती, त सांगितलं काऊन नाही?"

विमलबाईंनी पदरानं तोंड पुसलं, सुनेकडे पाहिलं.

"तहान त दोन वरसाची आहे बाप्पा. पन मी गिलास उचलला, का ह्या पोरीले मले उचला लागे."