सरांचा सडाफटिंग

"सर, डाग फिरला नाही."

लॅपटॉप छातीशी धरून सरांची विद्यार्थिनी दारातच उभी राहिली. आत सरांची निवृत्तीची आवराआवर चालली होती. उद्या त्यांचं निरोपाचं भाषण, आणि ते सगळं एका तपकिरी बटूवर. तारा होता होता राहिलेला, कधी न पेटलेला, जन्मल्यापासून निवतच चाललेला वायूचा गोळा. भावंड-ताऱ्यांच्या ओढाताणीत तो जन्मढगाबाहेर भिरकावला गेला, म्हणून एकटा, असं सर उभा जन्म ठासून सांगत आले होते. विभागात सगळे त्याला 'सरांचा सडाफटिंग' म्हणत.

"कुठला डाग?"

"त्याच्या शेजारचा. कॅमेऱ्याच्या भिंगाचा दोष म्हणून आपण दर वेळी पुसून टाकतो तो. या वेळी कॅमेरा आडवा करून फोटो घेतला. भिंगाचा डाग कॅमेऱ्याबरोबर फिरला असता. हा जागच्या जागी. मग तुमचे जुने फोटो काढले. दोघं आकाशात बरोबरीनं सरकलेत. तो डाग नाही सर, जोडीदार आहे."

सर खोक्यावरच टेकले. ज्यांनी शिकवलं त्यांचंच नाक आपण शेवटच्या दिवशी कापतोय, असं वाटून तिला रडू यायला लागलं.

"अंतर किती?"

"सूर्य-पृथ्वीच्या पाचशे पट."

"एवढं लांब? आणि दोघांची मिळून ओढ ती केवढीशी!" सरांचा आवाज चढला. "भिरकावले असते तर तेव्हाच ताटातूट झाली असती. म्हणजे कुणी भिरकावलंच नाही. एका ढगात जोडीनं जन्मले आणि जोडीनंच निवतायत. एका फेरीला किती लागतात?"

"पस्तीसेक हजार वर्षं."

"अगं, म्हणजे माणसं गुहेच्या भिंतीवर रेडे रंगवत होती, तेव्हापासून यांची जेमतेम एक फेरी!"

आकडा तिनेच काढला होता, पण तो असा डोळ्यांसमोर उभा राहिला नव्हता.

"सर, उद्याचं भाषण..."

"होईल की. मी कसा चुकलो ते माझ्याइतकं रंगवून दुसरं कोण सांगणार? आण इकडे, बघू दे."

तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. सरांनी तो अंधुक ठिपका बोटाने झाकला. बोट उचललं. पुन्हा झाकला, पुन्हा उचललं.

"इथंच होता गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं इथंच होता."