शेवटचं नाव

मनिलातल्या कॉलेजच्या फ्रॅटर्निटीतले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळातले, पुढे अमेरिकेत आलेले सगळे मित्र एकेक करून वारले. तिथल्या शॉमबर्ग गावात त्यांच्यातले एकटे नेस्टर उरले. दरवर्षी गेलेल्यांची नावं पुकारायची आणि उरलेल्यांनी त्यांच्या वतीनं "हजर!" म्हणायचं, ही त्यांची रीत. यंदा म्हणायला कुणीच नव्हतं. रडवेले होऊन ते शेजारच्या विनयच्या दारात उभे राहिले. विनय त्यातल्या कुणालाच ओळखत नव्हता, तरी त्यांच्यासमोर बसून प्रत्येक नावाला "हजर!" म्हणत गेला. नावं संपली, तसं नेस्टरनी स्वतःचंच नाव पुकारलं.

विनय चपापला. "अहो, तुम्ही तर समोर बसलाय!"

नेस्टरनी त्याचा हात गच्च धरला. "माझं नाव पुकारायला मागे कुणी राहणार नाही रे. आत्ताच म्हण."