न उघडलेल्या चिठ्ठ्या

मुलांनो, क्षणभर तुम्हीही वसईतल्या त्या कॉन्व्हेंट शाळेच्या चॅपेलमध्ये येऊन बसा. वेदीजवळ एक लाकडी पेटी आहे. मनात जे सलतं, ते मुली चिठ्ठीवर लिहून त्यात टाकतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सिस्टर बेनिग्ना त्या चिठ्ठ्या न उघडता जाळतात. मुलींचं गुपित देवाजवळच राहावं, एवढाच त्यांचा हेतू.

नववीतल्या रोविनाला मात्र वाटायचं, सिस्टर आधी वाचतात, मग जाळतात. तिने तीन चिठ्ठ्या टाकल्या. मागच्या महिन्यात तिने जीव दिला. तिच्या वहीत आईला एकच ओळ सापडली: ‘सिस्टरांनी अजून बोलावलं नाही.’

आज पुन्हा पहिला शुक्रवार. सिस्टरांच्या हातात काडेपेटी आहे. रोविनाच्या बाकावरची अनीशा उठून पुढे आली.

“आता ही ओरडा खाणार,” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“जागेवर बस, बाळ,” सिस्टर म्हणाल्या.

“सिस्टर, ह्यात माझीपण चिठ्ठी आहे. जाळू नका, वाचा.”

“कुणाचीच उघडणार नाही, असा शब्द दिलाय मी तुम्हाला. देव वाचेल गं.”

“देवाने रोविनाचीपण वाचली असेल ना?”

अनीशाने पेटीत हात घातला, स्वतःची चिठ्ठी शोधली, घडी उलगडून सिस्टरांच्या हातात दिली आणि त्यांचं वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.